दरबार उठण्याआधी

एखादा दरबार कसा उठतो, हे जुन्या बडोदेकरांना फारसे समजावून सांगावे लागत नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा शहरातली एक वीटही हलली नाही. सुरसागराचे पाणी होते तिथेच राहिले, दांडिया बाजारातली दुकाने नेहमीच्या वेळी उघडली. पण कलावंत कारखान्याच्या हजेरीपटावर ज्यांची नावे होती, त्या घरांना काय गेले ते पुरते ठाऊक होते. वाद्ये घरात होती, हात शाबूत होते, चिजा तोंडपाठ होत्या. या सर्वांना ठरल्या वेळी एका जागी बोलावणारे कोणी मात्र उरले नव्हते.

माझे वडील, त्यांना आम्ही मुले अण्णा म्हणत असू, विलीनीकरणाच्या जेमतेम तीन वर्षे आधी, वयाच्या सतराव्या वर्षी, तेथे दिलरुबावादक म्हणून लागले होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. दरबारचा माणूस मात्र रोज पाहिला.

हा जुना विषय आज काढण्याचे कारण वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. मला लिहायचे आहे ते संगणकावरच्या एका खेळाविषयी. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' हे त्याचे नाव. २४ एप्रिल २००७ रोजी तो सुरू झाला, आणि संगणकाच्या खेळांच्या हिशेबाने आता तो म्हाताराच म्हणायचा. त्याचे पुढे काय होणार, या चिंतेत तो खेळणारी मंडळी गेली कित्येक वर्षे आहेत. त्या मंडळींत मीही आहे. एक पेटी-तबल्याच्या शिकवण्या करणारा, पंचेचाळिशीला आलेला गृहस्थ या भानगडीत कसा पडला, ते सांगतो. पण आधी खेळाची ओळख करून दिली पाहिजे.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यात 'मिडल-अर्थ' नावाचे एक अवघे कल्पित जग आहे. डोंगर, नद्या, गावे, खानावळी, त्यांचे इतिहास आणि भाषा, सगळे त्या प्राध्यापकांनी रचले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या 'टर्बाइन' नावाच्या कंपनीने हे जग संगणकावर उभे केले. हा खेळ एकट्याने खेळण्याचा नाही. हजारो माणसे आपापल्या घरून एकाच वेळी त्या जगात असतात. कोणी मनुष्य होतो, कोणी बुटका, कोणी हॉबिट, म्हणजे खाण्यापिण्याची आणि बागकामाची हौस असलेल्या ठेंगण्या जमातीचा माणूस. हे सोंग घेऊन माणसे तेथे भेटतात, लढतात, गप्पा मारतात, घर घेतात, त्यात सामान मांडतात.

हे सारे चालते कुठे? कंपनीच्या सर्व्हरवर. आपल्या घरच्या संगणकावर असते ती केवळ खिडकी, दिवाणखाना कंपनीकडे. तिने एके दिवशी दार लावून घेतले की खिडकीतून काही दिसत नाही. पुस्तक विकत घेतले की ते नातवापर्यंत पोचते, ध्वनिमुद्रिका माळ्यावर चाळीस वर्षे पडली तरी वाजते. या खेळाचे तसे नाही. त्यावर कितीही पैसे खर्चलेले असोत, तो आपल्या मालकीचा कधीच होत नाही.

२०२० सालच्या टाळेबंदीत माझे वर्ग बंद पडले, तेव्हा परदेशी गेलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला या खेळात ओढले. त्या वसंतात कंपनीने खेळातल्या बहुतेक मोहिमा काही काळ सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या होत्या. "सर, तिथे वाद्ये आहेत," एवढेच ती म्हणाली. आणि मास्तराला तेवढे पुरे असते.

वाद्ये खरोखरच आहेत. ल्यूट, हार्प, बासरी, क्लॅरिनेट, शिंग, बॅगपाइप, ढोल, फिडल. संगणकाच्या कळा दाबल्या की सूर निघतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या सर्वांना ते ऐकू येतात. त्यातही 'मिन्स्ट्रेल' नावाचा एक पेशा आहे. लढाईत सोबत्यांना गाण्याने सावरणे हे त्याचे काम. इतर खेळांत माणसाला 'जीव' असतो आणि तो घाव बसला की कमी होतो. या खेळात त्या जागी 'मनोधैर्य' असते. ते खचले की माणूस माघार घेतो, आणि खचलेले मनोधैर्य सुरांनी भरून येते. ज्याने ही कल्पना काढली, त्याला संगीतातले काही तरी निश्चित कळत होते. शिवाय मुरलेला मिन्स्ट्रेल दुसऱ्या पेशाच्या माणसाला वाद्य शिकवू शकतो. म्हणजे गुरुशिष्यांची सोयही तेथे आहे, गंडा मात्र बांधत नाहीत.

आता मास्तराच्या नात्याने दोष सांगतो. मिळतात ती नेमकी तीन सप्तके, आणि प्रत्येक सूर पेटीसारखा जागच्या जागी ठोकून बसवलेला. मींड नाही, आंदोलन नाही, श्रुतींचे नाव काढू नये. दरबारी कानड्याचा गंधार तिथे काढू म्हटले तर कुणाच्या बापाला जमणार नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले, त्यामागेही हाच आक्षेप होता. पण पेटी काही त्यामुळे घराघरांतून गेली नाही, आणि आज माझे पोट तिच्यावरच चालते. साधन अपुरे आहे म्हणून माणसे वाजवायची थांबत नाहीत, एवढे त्यावरून शिकावे.

दुसरी अडचण अंतराची. बडोद्यात दाबलेली कळ सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरवर पोचून परत यायला क्षणाचा अंश लागतो. एकट्याने वाजवताना ते खपून जाते. सहा देशांतल्या सहा जणांनी लय धरू म्हटले, तर गोंधळ ठरलेला. यावर तोड निघाली ती लिपीची. 'एबीसी' नावाची एक स्वरलेखनपद्धती पाश्चात्त्य लोकसंगीतात रूढ आहे. अक्षरांनी सूर आणि अंकांनी त्यांची लांबी दाखवायची. अशा लिपीत प्रत्येक वाद्याचा भाग लिहून ठेवायचा, सर्वांनी आपापला कागद उघडून तयार राहायचे, आणि एकाने खूण केली की सर्व्हर सगळ्यांना एकाच मात्रेवर सोडतो.

मग वाजवणाऱ्याने केले काय, असे कुणीही विचारील. माझ्या एका चुणचुणीत विद्यार्थ्याने विचारलेही. त्याला मी म्हटले, बाबा रे, मूळ धून घेऊन तिचे सहा भाग पाडायचे, कोणता ल्यूटला, कोणता बासरीला, ढोलाचा ठेका कुठे उचलायचा आणि कुठे सोडायचा, हे कागदावर बसवण्यात दोन-दोन महिने जातात. त्यानंतर ठरल्या वेळी सहा माणसे जमवायची, ती रुसली तर समजूत घालायची, श्रोत्यांचा रंग पाहून पुढची धून कोणती ते ठरवायचे. नाटक कंपनीत हे काम करणाऱ्याला आपण संगीत दिग्दर्शक आणि व्यवस्थापक अशी दोन नावे देत होतो. आणि एकट्याने, कळांवर, कागदाशिवाय वाजवणारेही तेथे आहेतच.

आमचा चमू सहा जणांचा. मी, ती विद्यार्थिनी, एक निवृत्त परिचारिका, एक ट्रकचालक आणि दोन कॉलेजातली मुले. त्यांची रात्र म्हणजे आपली पहाट, म्हणजे ऐन रियाजाची वेळ. मी चहाचा कप घेऊन बसतो, आणि ब्री नावाच्या गावात 'प्रान्सिंग पोनी' या खानावळीच्या दारात आमची मैफल मांडली जाते. जाणारे-येणारे थांबतात. कोणी नाचते. आवडले नाही तर निघून जातात. तेवढी स्पष्टवक्तेपणाची मोकळीक आमच्याकडच्या श्रोत्यांनाही नसते.

अण्णांनी दुर्गा रागात एक मध्यलय तीनतालाची गत बांधली होती. ते २०११ साली गेले. त्यांच्या हातचे ध्वनिमुद्रण घरात एकही नाही. मला आणि माझ्या तीन विद्यार्थ्यांना ती गत येते, एवढाच तिचा संसार. दुर्गेत मींडीची ओढ असली तरी सूर सरळ आहेत, म्हणून तीन वर्षांपूर्वी ती मी एबीसी लिपीत उतरवली. ट्रकचालक गृहस्थांनी पहिल्यांदा विचारले की ही धून सुरू कुठे होते आणि संपते कुठे. मी त्यांना हातावर टाळी, टाळी, खाली, टाळी द्यायला लावली. महिन्याभरात समेवर सगळ्यांच्या माना हलू लागल्या असाव्यात, अशी माझी समजूत आहे. दिसत तर काही नाही. आज ती गत त्या खानावळीच्या दारात आठवड्यातून एकदा वाजते, आणि ज्यांनी बडोदे नकाशातही पाहिले नव्हते, अशी माणसे "तुमच्या वडिलांची ती वाजवा" अशी फर्माईश करतात.

हे आमचे एकट्यांचे नाही. 'लोनली माउंटन बँड' या खेळाडूंच्या मंडळाने २००९ पासून 'वेदरस्टॉक' नावाचा वार्षिक संगीतोत्सव चालवला आहे. कादंबरीतल्या वेदरटॉप या टेकडीवर तो भरतो. ठिकठिकाणचे चमू पाळीपाळीने वाजवतात आणि टेकडी माणसांनी भरून जाते. कंपनीने हा उत्सव काढलेला नाही. खेळाडूंनीच तो काढला, वाढवला आणि रूढ केला. एखादी परंपरा किती वर्षांत तयार होते, याचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

आता या जगाचा धनी कोण ते पाहू. कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

सुरुवातीला मासिक वर्गणी भरून खेळायचे. २०१० मध्ये प्रवेश विनामूल्य झाला आणि कमाई आतल्या दुकानावर आली. त्याच वर्षी 'टर्बाइन' ही कंपनी 'वॉर्नर ब्रदर्स'च्या हाती गेली. खेळाडू विखुरले होते म्हणून २०१५ मध्ये अनेक सर्व्हर मिटवून दहांवर आणण्याचे ठरले. २०१६ च्या अखेरीस खेळावर काम करणारी मंडळी बाहेर पडून 'स्टँडिंग स्टोन गेम्स' या नव्या कंपनीत गेली आणि खेळ त्यांच्याबरोबर गेला. २०२० च्या शेवटी स्वीडनच्या 'एनॅड ग्लोबल ७' ने 'डेब्रेक' ही कंपनी विकत घेतली, तिच्यासोबत हा खेळही आला. आणि खुद्द मिडल-अर्थ वापरण्याचे हक्क? ते वेगळ्याच संस्थेकडे, 'मिडल-अर्थ एंटरप्रायजेस'कडे. आणि तीही २०२२ मध्ये दुसऱ्या एका स्वीडिश समूहाने, 'एम्ब्रेसर'ने, विकत घेतली. म्हणजे घर एकाचे, जमीन दुसऱ्याची, आणि दिवाबत्ती करून राहणारे तिसरेच. वाड्यातल्या भाडेकऱ्यांना हा प्रकार नवा वाटू नये.

२०२५ साली आम्ही सर्वांनी बिऱ्हाडे हलवली. जुने सर्व्हर ३२-बिट यंत्रणेचे, थकलेले; ते बंद करून नव्या ६४-बिट सर्व्हरवर खेळाडूंना नेण्यात आले. पहिल्या आठवड्यांत इतकी झुंबड उडाली की पाऊल टाकले तर ते काही सेकंदांनी पडे. घरांसाठी नव्या जागी नव्याने शोधाशोध करावी लागली. आपले नाव तिथे दुसऱ्या कुणी आधीच घेतलेले असेल तर नावही बदलावे लागले. आमच्या निवृत्त परिचारिकाबाईंना स्वतःचे नाव सोडावे लागले, याचे त्यांना घर गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटले. तरीही म्हातारा खेळ मोडीत न काढता त्याला नवी जागा दिली, ही चालकांची गोष्ट मी चांगलीच मानतो. मरणाऱ्या रोग्याचे कोणी मोतीबिंदूचे ऑपरेशन करीत नाही.

पण इतरांचे काय झाले, हे आम्हाला ठाऊक आहे. 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' हा खेळ २००३ मध्ये सुरू झाला. त्यातही वादक आणि नर्तक हे रीतसर पेशे होते. प्रारंभीच्या काळात तर लढवय्यांना थकवा घालवण्यासाठी गुत्त्यात येऊन त्यांचे गाणेबजावणे ऐकावेच लागे. मला वाटते, कलावंताला समाजात इतके निश्चित स्थान दुसऱ्या कोणत्याही खेळाने दिले नसेल. १५ डिसेंबर २०११ रोजी तो बंद झाला. 'सिटी ऑफ हीरोज' हा २००४ चा खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद पडला. त्याच्या चाहत्यांपैकी काहींनी तो गुपचूप चालू ठेवला होता, हे २०१९ मध्ये उघडकीला आले. मोठी खळबळ झाली. पुढे मात्र शहाणपणाची गोष्ट घडली: जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने 'होमकमिंग' या चाहत्यांच्या मंडळाला रीतसर परवाना दिला. आता तो खेळ लोकांच्या देणग्यांवर चालतो. केम्ब्रिजच्या 'जॅजेक्स' कंपनीचे उदाहरण आणखी निराळे. तिने 'रूनस्केप' हा आपला खेळ इतका बदलला की जुने खेळाडू रुसले. २०१३ मध्ये तिने त्यांचे मत घेतले, आणि ऑगस्ट २००७ ची जपून राहिलेली एक प्रत पुन्हा चालू केली. पुढे या जुन्या रूपाकडेच अधिक लोक वळले.

हा प्रश्न आता कायदेमंडळांपर्यंतही गेला आहे. फ्रान्सच्या 'युबीसॉफ्ट' कंपनीने मोटारशर्यतीचा 'द क्रू' हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या घरी निरुपयोगी झाला. त्यावरून रॉस स्कॉट या गृहस्थाने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभारली. युरोपीय संघात नागरिकांच्या अर्जासाठी दहा लाख सह्यांची अट असते; जुलै २०२५ च्या अखेरीपर्यंत या अर्जाने ती ओलांडली. मागणी साधी आहे. खेळ कायम चालवा, असे कोणी म्हणत नाही. चालवणे थांबवाल तेव्हा तो चालता येईल अशा अवस्थेत लोकांच्या हाती ठेवून जा, एवढेच म्हणणे.

कंपन्यांचीही बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. सर्व्हरला वीज लागते, देखरेखीला माणसे लागतात, चोरी-लबाडी थोपवावी लागते. आमच्या खेळाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. चालकांना उद्या तो लोकांच्या स्वाधीन करावासा वाटला तरी ते करू शकतील असे नाही, कारण मिडल-अर्थचे हक्क त्यांचे नाहीत. परवान्याची मुदत सरली की ज्याने दिवाणखाना बांधला, त्यालाही तो दान करता येत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी सह्यांचे अर्ज करून काही साधणार नाही. जे करायचे ते दरबार भरलेला असताना केले पाहिजे. आणि या बाबतीत आपल्या शहराचा अनुभव सांगण्यासारखा आहे.

बडोद्यात संगीताची दोन घरे होती. एक कलावंत कारखाना: दरबाराचा, मानाचा. उस्ताद फैयाज खाँसाहेबांसारखे गायक दरबारात होते. त्यांचे आणि त्या दरबाराचे नाव हिंदुस्थानभर गाजत होते. दुसरे घर साधे. १८८६ मध्ये महाराज सयाजीरावांनी मौलाबक्ष या दरबारच्याच कलावंताच्या हाती एक गायनशाळा दिली. त्यात सर्वसाधारण घरांतली मुले येऊन शिकू लागली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि वर्गात ती वापरली. जी विद्या घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून उस्ताद लोक कवाड लावून तालीम देत, ती फळ्यावर लिहिली जाऊ लागली. याला नाके मुरडणारे पुष्कळ होते आणि त्यांच्या आक्षेपात तथ्यही होते. फळ्यावरून मींड शिकता येत नाही.

पण १९४९ साली काय झाले ते पाहा. कारखाना धन्याबरोबर गेला. खाँसाहेबही पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, बडोद्यातच पैगंबरवासी झाले. गायनशाळा मात्र तोवर त्रेसष्ट वर्षांची झाली होती; शिकवणारे, शिकणारे, रीतीभाती, पुस्तके, सगळे तिचे स्वतःचे होते. ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या छत्राखाली गेली आणि आजही तेथे मुले तंबोरे जुळवतात. महाराजांनी संस्थान बुडणार हे ओळखून शाळा काढली, असे मी म्हणत नाही. त्यांना प्रजा शिकवायची होती. परंतु दरबार चालू असतानाच विद्या दरबाराबाहेर नेऊन ठेवल्यामुळे ती दरबारासोबत गेली नाही, एवढे खरे.

अण्णा पुढे तीस वर्षे शिकवण्या करून राहिले. दरबाराची आठवण काढून त्यांनी कधी उसासे टाकले नाहीत. पण एक गोष्ट ते सांगत. कारखान्यातले एक वृद्ध सारंगिये होते. विलीनीकरणानंतर त्यांनी सारंगी विकली नाही, मोडली नाही. वर्षातून एकदा तारा बदलून पुन्हा गवसणीत घालून ठेवीत. "वाद्य जपले रे त्यांनी," अण्णा म्हणत, "पण शेजारच्या पोराला एक सरगम नाही दिली." ते गेले तेव्हा सारंगी होती, आणि घरात तिला हात लावणारे कोणी नव्हते.

खेळ जपण्याचेही असे दोन मार्ग आहेत. अमेरिकेत २०१८ मध्ये स्वामित्वहक्काच्या नियमांत एक सवलत मिळाली. बंद पडलेला असा खेळ ग्रंथालये व संग्रहालये रीतसर मिळवून जतन करू शकतात आणि आपल्या आवारात चालवू शकतात. चांगली सोय आहे. अभ्यासकांना तिचा उपयोग होईल. पण संग्रहालयातल्या एका खोलीत प्रान्सिंग पोनीचे दार उघडले आणि समोर कोणीच नसले, तर ती गवसणीतली सारंगीच. त्या दारात कोणत्या वारी कोणता चमू बसतो, नवख्याला पहिले वाद्य कोण शिकवतो, वेदरटॉपवर पहिला मान कुणाचा, हे कोणत्याही यंत्रात साठवलेले नाही. ते माणसांत आहे आणि माणसे जमत राहिली तरच राहते.

म्हणून माझ्या अल्प मतीप्रमाणे तीन गोष्टी आताच व्हाव्यात. हक्कदार आणि चालक यांच्यात पुढचा करार होईल, त्यात एक कलम असावे की खेळ बंद करण्याची वेळ आली तर नफा न घेणाऱ्या मंडळाला तो चालवण्याचा परवाना मिळेल. 'सिटी ऑफ हीरोज'च्या बाबतीत हे अकरा वर्षांच्या विरहानंतर घडले. आधीच लिहून ठेवले तर विरह नको. दुसरे, बंद करण्यापूर्वी निदान वर्षभराची सूचना असावी, म्हणजे पोर पोरके होण्याआधी दत्तकविधान उरकता येईल. तिसरे काम आम्हा वाजवणाऱ्यांचे आहे, आणि त्यासाठी कुणाची परवानगी नको. एबीसीतले कागद साधी अक्षरे असतात. ते खेळाशिवायही वाचता येतात, कुठल्याही वाद्यावर वाजवता येतात. ते एकत्र करावेत. कोणी बसवले, कधी, कुठे वाजले, याची टिपणे त्यांवर असावीत. आणि प्रत्येक चमूने दर वर्षी एक तरी अगदी नवखा माणूस सोबत घ्यावा.

हे शेवटचे काम आमच्या चमूने सुरू केले आहे. सध्या आमच्याकडे एक शाळकरी मुलगा शिकाऊ म्हणून आहे. तो ढोल वाजवतो, बहुतेक वेळा चुकीचा. त्याला तीनतालाच्या मात्रा सोळा की अठरा, याबद्दल अजून शंका आहे. परंतु पहाटे वेळेवर हजर असतो.

खेळ किती वर्षे चालेल, हे स्टॉकहोमात बसणारे हिशेबनीस ठरवतील. २४ एप्रिल २०२७ रोजी त्याला वीस वर्षे पूर्ण होतात. माणसांच्या वीस वर्षांत एक पिढी मोठी होते. त्या हिशेबाने ज्या मुलाच्या आईबापांची गाठ या खेळात पडली, तो मुलगा आता स्वतः ल्यूट वाजवण्याच्या वयाचा झाला आहे. आपल्या घरांतही जुन्या वह्या आहेत. आजोबांच्या हातच्या बंदिशी, कारखान्यातल्या कुणाच्या तरी चिजा, आजीने लिहून घेतलेली पदे. त्या उघडाव्यात, नीट उतरवून काढाव्यात, आणि त्यांतली एक तरी शेजारच्या मुलाला शिकवावी. दुर्गेतली अण्णांची गत ज्यांना हवी असेल, त्यांनी माझ्याकडे यावे. भातखंड्यांच्या लिपीत आहे, एबीसीत आहे, आणि समोर बसलात तर मींडीसकट आहे.